छातीचा मार, उपचार आणि संशोधन: नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या ट्रॉमा विभागात मी संशोधन समन्वयक म्हणून काम करते. अपघातातल्या रुग्णांच्या घरच्यांना अभ्यासाबद्दल समजावून सांगायचं, संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि पुढे कित्येक महिने फोन करून 'जिना चढताना दम लागतो का, कामावर जायला लागलात का' हे विचारायचं, असं माझं काम. खालचे प्रश्न आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर इतक्या वेळा आले आहेत की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. ही उत्तरं डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. कुणाला आत्ता दम लागत असेल तर वाचणं थांबवा आणि १०८ ला फोन करा.

१. छातीला नुसता मुका मार लागलाय, रक्त कुठेच दिसत नाही. मग डॉक्टर इतके गंभीर का होतात?

'मुका मार' हा शब्द घरच्यांना फसवतो. स्कूटरचं हँडल छातीत रुतलं, स्टिअरिंग आदळलं किंवा माणूस परांचीवरून खाली आला, तर आतली मोडतोड कातडीवर दिसेलच असं नाही.

आत साधारण चार गोष्टी होतात. बरगड्या मोडतात. मोडलेल्या बरगडीचं टोक फुप्फुसाला लागलं की तिथून निसटलेली हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साठते, हा न्यूमोथोरॅक्स. त्याच जागेत रक्त साठलं तर हिमोथोरॅक्स. आणि फुप्फुसालाच ठेच लागली तर त्यात रक्त-पाणी झिरपून तो भाग जड होतो, याला डॉक्टर कन्ट्यूजन म्हणतात. अनेकदा या चारही गोष्टी एकाच रुग्णात असतात.

यातली सगळ्यात घाईची अवस्था म्हणजे अडकलेली हवा श्वासागणिक वाढत जाणं. फुप्फुस चेपतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बीपी कोसळतो. अशा वेळी एक्स-रेची वाट बघत नाहीत, सुई टोचून हवा बाहेर काढतात. ही सुई पूर्वी कॉलर बोनच्या खाली टोचत. २०१८ सालापासून ट्रॉमाच्या प्रशिक्षणात प्रौढांसाठी काखेकडची जागा शिकवतात. बऱ्याच लोकांच्या छातीची भिंत पुढून इतकी जाड असते की सुई आत पोचतच नाही, हे मोजमापांवरून लक्षात आलं. संशोधन म्हणजे असंही असतं: कुणीतरी चिकाटीने मिलिमीटर मोजत बसतं.

धीराची गोष्ट अशी, की मुक्या माराच्या १०० रुग्णांपैकी १० हून कमी जणांची छाती उघडावी लागते. बाकीच्यांचं नळी, प्राणवायू, वेदनाशमन आणि व्यायाम यांवर भागतं.

२. एक्स-रे नॉर्मल होता. तरी 'थांबा' किंवा 'उद्या परत या' का म्हणतात?

पहिल्या एक्स-रेला मर्यादा असतात म्हणून. बरगडीला गेलेली बारीक चीर त्यात बऱ्याचदा दिसत नाही. फुप्फुसाची ठेच पहिल्या २४ ते ४८ तासांत वाढत जाते, म्हणजे संध्याकाळी बरा दिसणारा माणूस दुसऱ्या रात्री धापा टाकू शकतो. शिवाय अपघाताच्या रुग्णाचा एक्स-रे उताणं झोपवून काढतात. त्या स्थितीत हवा छातीच्या पुढच्या बाजूला पसरते आणि फोटोत लपते.

यावर २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या समूहाने १३ अभ्यास एकत्र करून पाहिले. न्यूमोथोरॅक्स असलेल्या १०० जणांमध्ये सोनोग्राफीने ९१ जणांत तो सापडतो आणि झोपवून काढलेल्या एक्स-रेने ४७ जणांत. म्हणून कॅज्युअल्टीत पोटाची सोनोग्राफी करता करता डॉक्टर प्रोब छातीवरही फिरवतात. त्याला हरकत घेऊ नका. 'पोटाला लागलंच नाही, मग सोनोग्राफी कशाला' हा वाद मी फार वेळा ऐकला आहे.

३. घरी सोडलं. आता कशाकडे लक्ष ठेवू?

दम वाढणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, ताप, खोकल्यातून रक्त, चक्कर, छातीवर किंवा मानेवर दाबलं की कुरकुर लागणं (ती कातडीखाली शिरलेली हवा असते), आणि रुग्ण बडबडू लागणं किंवा एकदम झोपाळणं. यातलं एकही दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. वय ६५ च्या पुढे असेल तर आणखी आधी निघा; कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

४. बरगडी मोडली तर प्लास्टर नाही, पट्टा नाही. आमचे हाडवैद्य तर घट्ट बांधायला सांगतात.

हात मोडला तर तो स्थिर ठेवता येतो. छाती स्थिर ठेवायची म्हणजे श्वासच बांधून ठेवायचा. पट्टा आवळला की बरं वाटतं हे खरं, एके काळी डॉक्टरही तो बांधत. पण छाती पुरती फुगत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ तिथेच बसतो आणि न्यूमोनियाला आयतं घर मिळतं. म्हणून पट्टा नको. खोकताना उशी किंवा घडी घातलेली चादर छातीशी धरून दाबा. तेवढा आधार चालतो आणि तो तात्पुरता असतो.

बहुतेक बरगड्या ६ ते १२ आठवड्यांत आपोआप सांधतात. रुग्णालयातून मिळणारं, श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र हा औषधाचाच भाग समजा. ते टेबलावर झाकून ठेवलेलं दिसलं की मला वाईट वाटतं.

५. वडील ७२ वर्षांचे आहेत, चार बरगड्या मोडल्यात. ते म्हणतात, 'दुखणं सोसतो, पण गोळ्या नकोत.' त्यांचं ऐकू का?

नका ऐकू. सोसण्याचं कौतुक करण्याची ही जागा नाही.

दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला गिळतो, कुशीवर वळत नाही. दोन-तीन दिवसांत छाती भरते. वयस्कर माणसाला मोडलेल्या बरगडीपेक्षा हा न्यूमोनिया जास्त घातक ठरतो. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षं आणि त्यापुढच्या २७७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. मोडलेली प्रत्येक जास्तीची बरगडी मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी वाढवत होती. म्हणूनच 'चारच तर मोडल्यात' हे वाक्य ७२ व्या वर्षी चालत नाही.

मग दुखणं कमी केल्याने न्यूमोनिया खरंच टळतो का? याच गटाने २००४ मध्ये ४६ रुग्णांवर तुलना केली. काहींना पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून एपिड्युरल दिलं, काहींना शिरेतून मॉर्फिनच्या जातीची औषधं. एपिड्युरलच्या गटात न्यूमोनिया कमी झाला. ४६ ही संख्या लहान आहे हे खरं, पण दिशा स्पष्ट होती. आता सोनोग्राफीत बघून बरगड्यांच्या नसांभोवती भूल देण्याच्या पद्धतीही आहेत. पाठीच्या स्नायूखाली औषध सोडण्याची त्यातली एक पद्धत २०१६ मध्ये पहिल्यांदा वर्णन केली गेली. एपिड्युरल रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्यांना सहसा देता येत नाही, तेव्हा या पद्धती उपयोगी पडतात. वडील हृदयासाठी अशी गोळी घेत असतील तर ते पहिल्या मिनिटाला सांगा, डॉक्टरांनी विचारण्याची वाट बघू नका.

दुखणं आटोक्यात आहे की नाही, याची घरगुती कसोटी सोपी आहे. वडिलांना जोरात खोकता आलं पाहिजे. जमत नसेल तर वेदनाशमन कमी पडतंय, आणि हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

६. संशोधन म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग येणं मला समजतं. त्याचं उत्तर एका जुन्या हकीकतीतून देते.

ओळीने तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो. छाती फुगते तेव्हा तो आत जातो, छाती बसते तेव्हा बाहेर येतो. याला फ्लेल चेस्ट म्हणतात. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी विचार केला, की आतून हवेच्या दाबाने हा तुकडा जागेवर ठेवावा. विचार पटण्यासारखा होता. मग अशा रुग्णाला गळ्याला भोक पाडून आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवण्याची पद्धत पडली, मग रुग्ण स्वतःहून नीट श्वास घेत असला तरीही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका शल्यचिकित्सकांच्या गटाने असे रुग्ण आणि व्हेंटिलेटरविना सांभाळलेले रुग्ण यांची तुलना मांडली. व्हेंटिलेटरविना असलेले जास्त चांगले बरे झाले होते. खरा त्रास हलणाऱ्या तुकड्यापेक्षा त्याखालच्या ठेचलेल्या फुप्फुसाचा होता.

दोन दशकं कितीतरी माणसांनी गरज नसताना ते सोसलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, फक्त कुणी मोजलं नव्हतं. मला विचाराल तर न मोजता वर्षानुवर्षं एकच उपचार करत राहणं हा जास्त मोठा प्रयोग आहे, आणि त्यात संमतीपत्रही नसतं.

आमच्याकडचं बरंचसं संशोधन तर नुसत्या नोंदींचं असतं. उपचार नेहमीचेच, आम्ही फक्त काय झालं ते लिहून ठेवतो. उपचारांची तुलना करणारे अभ्यास वेगळे. त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

७. 'चिठ्ठी टाकून ठरवू' म्हणजे काय? डॉक्टरांना चांगला उपचार माहीत नाही का?

दोन्ही उपचार वापरात आहेत आणि कुठला सरस हे जाणत्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही, तेव्हाच अशी तुलना करायला परवानगी मिळते. कुणाला काय मिळणार हे संगणक ठरवतो. डॉक्टरांवर सोडलं तर नकळत तगडे रुग्ण एका बाजूला आणि नाजूक दुसऱ्या बाजूला जातात, आणि उपचाराचा गुण कुठला, प्रकृतीचा कुठला, हे कळेनासं होतं.

संमती घेणाऱ्याला विचारायचा नेमका प्रश्न हा: 'आम्ही या अभ्यासात नसतो तर तुम्ही याला काय दिलं असतं?' उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा.

८. छातीत नळी टाकणार आहेत. जाड नळी की बारीक?

आपल्याकडे डॉक्टर हिला आयसीडी म्हणतात; दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं आणि बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवायची असते. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी ती उचलून कॉटवर ठेवू नये, एवढं जरूर सांभाळा.

रक्त घट्ट असतं, बारीक नळी तुंबेल, म्हणून जाडच हवी, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या चार केंद्रांच्या अभ्यासाने ते तपासलं. छातीत रक्त साठलेल्या सुमारे १२० रुग्णांना १४ फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं माप) इतकी बारीक, वळलेल्या टोकाची नळी किंवा २८ ते ३२ फ्रेंचची जाड नळी घातली. नळी अपुरी पडण्याचं प्रमाण बारीकमध्ये ११ टक्के, जाडमध्ये १३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. मात्र नळी घालतानाचा अनुभव बारीक नळीवाल्यांनी बराच सुसह्य सांगितला.

पण इथे एक मेख आहे, आणि नातेवाईक इंटरनेटवर वाचून येतात तेव्हा नेमकी तीच सुटते. ज्यांचा जीव धोक्यात होता आणि ज्यांना तातडीने नळी घालावी लागली, ते या अभ्यासात नव्हतेच. तुमचा रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलेल्या अवस्थेत असेल आणि डॉक्टरांनी जाड नळी घेतली तर ते संशोधनाच्या विरुद्ध वागत नाहीत. नळी घालताच दीड लिटर रक्त आलं, किंवा पुढचे काही तास दर तासाला २०० मिलिलिटर येत राहिलं, तर नळीच्या मापाचा प्रश्नच उरत नाही, शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

९. नळी घालूनही रक्त पूर्ण निघालं नाही. 'दुर्बिणीने साफ करू' म्हणतात. दुसरी नळी घालून भागणार नाही का?

गोठलेलं रक्त नळीतून येत नाही. ते तसंच राहिलं तर पू होतो किंवा फुप्फुसावर जाड साल धरते. १९९७ मध्ये डॅलसमधल्या एका अभ्यासात अशा ३९ रुग्णांपैकी काहींना दुसरी नळी घातली आणि काहींची लवकर दुर्बिणीने सफाई केली. सफाई केलेल्यांची नळी लवकर निघाली आणि ते लवकर घरी गेले. त्यामुळे सफाई करायची तर पहिल्या तीन ते सात दिवसांत, असा आता सर्वसाधारण सल्ला आहे. 'थोडे दिवस थांबून बघू या ना' ही विनंती इथे उलटते.

१०. शेजारच्या कॉटवर हवा होती तर नळी घातली, आमच्याकडेही हवा आहे तर 'नुसतं बघू' म्हणतात. असं का?

हवा किती आहे आणि रुग्ण कसा आहे यावर ते ठरतं. सीटी स्कॅनमध्ये हवेची जाडी ३५ मिलिमीटरपेक्षा कमी आणि रुग्णाचा श्वास व बीपी स्थिर असेल तर बहुतेकांना नळीशिवाय लक्ष ठेवून सांभाळता येतं.

रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर गुंता वाढतो, कारण यंत्र दाबाने हवा ढकलतं. एक्स-रेत न दिसणारी, फक्त सीटीत दिसणारी हवा असलेल्या अशा ९० रुग्णांवरचा अभ्यास २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला. नुसतं लक्ष ठेवलेल्या ५० पैकी १० जणांना पुढे नळी लागली. म्हणजे पाचातल्या चौघांची नळी टळली, आणि पाचव्यासाठी रात्रभर जागं राहणारं कुणीतरी लागतं. आयसीयूत पुरेशा सिस्टर असतील तर हा मार्ग उत्तम. रुग्णाला हलवून लांबच्या गावी न्यायचं असेल, तर आधी नळी घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, आणि बरेच डॉक्टर तेच करतात.

११. बरगड्यांना प्लेट बसवायचं सुचवलंय. खर्च मोठा आहे. खरंच उपयोग होतो का?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नावर येतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला चांगला अभ्यास जपानमधला, २००२ चा. व्हेंटिलेटरवर असलेले फ्लेल चेस्टचे ३७ रुग्ण. प्लेट बसवलेले सरासरी सुमारे ११ दिवस व्हेंटिलेटरवर राहिले, न बसवलेले सुमारे १८ दिवस, न्यूमोनियाही कमी. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात अशाच ४६ रुग्णांत आयसीयूचा मुक्काम कमी झाल्याचं दिसलं. तेवढ्यावर जगभर प्लेटा बसवणं वाढलं.

मग २०२२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या केंद्रांचा २०७ रुग्णांचा अभ्यास आला. यात छातीची भिंत अस्थिर असलेले, पण सगळेच व्हेंटिलेटरवर नसलेले रुग्ण होते. एकूण हिशेबात व्हेंटिलेटरविना गेलेल्या दिवसांत ठळक फरक पडला नाही. मात्र शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी ६ टक्के दगावले आणि झालेल्यांपैकी एकही नाही. आणि जे आधीपासून व्हेंटिलेटरवर होते त्यांना फायदा जास्त दिसला.

फ्लेल चेस्ट नाही, नुसत्या तीन-चार बरगड्या मोडून सरकल्यात, अशांचं काय? इथे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. २०२० च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ११० रुग्ण होते आणि दोन आठवड्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं कमी होतं. पण त्यातल्या फक्त २३ जणांनी चिठ्ठी मान्य केली होती, बाकीच्यांनी आपला उपचार स्वतः निवडला. ज्याने हौसेने शस्त्रक्रिया निवडली त्याला बरं वाटण्याची शक्यता जास्तच. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांना चिठ्ठीनेच वाटलं, तेव्हा तीन महिन्यांनी वा सहा महिन्यांनी दुखण्यात फरक आढळला नाही.

यावरून माझं मत असं, आणि ते समन्वयकाचं मत आहे, शल्यचिकित्सकाचं नाही. फ्लेल चेस्ट आणि व्हेंटिलेटर दोन्ही असेल तर प्लेटचा विचार मनापासून करा आणि लवकर करा, पहिल्या दोन-तीन दिवसांत. रुग्ण बसून चहा पितोय, बोलतोय, फक्त दुखतंय, तर दागिने गहाण टाकण्याआधी प्रश्न ५ मधलं वेदनाशमन पूर्ण करून बघितलं का, हे विचारा. डोक्याला किंवा फुप्फुसाला जबर मार असेल तर गणित आणखी बदलतं. अशा रुग्णांना बऱ्याच अभ्यासांतून वगळलेलं असतं.

१२. कॅज्युअल्टीत घाईघाईने 'टीएक्सए' नावाचं इंजेक्शन दिलं. तेही संशोधनातलं आहे का?

आता नाही, आता तो नेहमीचा उपचार आहे. पण तो तसा झाला संशोधनामुळे. टीएक्सए म्हणजे ट्रानेक्सामिक ॲसिड. हे औषध जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलं. तयार झालेली रक्ताची गुठळी ते विरघळू देत नाही. पाळीतल्या जास्त रक्तस्रावासाठी ते कित्येक वर्षं स्वस्तात मिळत होतं. अपघातात कुणी पद्धतशीर तपासलं नव्हतं.

२०१० मध्ये क्रॅश-२ अभ्यासाचे निकाल आले: ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ रुग्ण, आणि त्यात भारतातले रुग्णही होते. औषध मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १४.५ टक्के, न मिळालेल्यांत १६ टक्के. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग. तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले. म्हणून 'अपघात नक्की किती वाजता झाला' हे कॅज्युअल्टीत पुन्हा पुन्हा विचारतात. अंदाजे सांगू नका, पहिला फोन किती वाजता आला ते मोबाईलवर बघून सांगा.

१३. हे सगळे अभ्यास परदेशातले. पुण्यातल्या माणसाला लागू होतात का?

शरीराला लागू होतात, परिस्थितीला नेहमीच नाही. तिकडचा रुग्ण बहुतेकदा मोटारीतला, बेल्ट लावलेला, थेट ट्रॉमा सेंटरला पोचलेला. आपला रुग्ण दुचाकीवरचा, नवले पुलाच्या उतारावर पाठीमागून धडक बसलेला, किंवा चाकणच्या कारखान्यात यंत्रात सापडलेला, आणि आमच्यापर्यंत येण्याआधी एक-दोन दवाखाने फिरून आलेला.

उदाहरण देते. १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये ५९८ रुग्णांवर एक गाजलेला अभ्यास झाला. शस्त्रक्रियेआधी सलाईन न चढवलेल्यांपैकी ७० टक्के जगले, लगेच चढवलेल्यांपैकी ६२ टक्के. हे वाचून एका रुग्णाच्या भावाने सलाईन काढायला लावली होती. पण ते सगळे रुग्ण गोळी किंवा चाकू लागलेले होते आणि शस्त्रक्रियागार हाताशी होतं. मुका मार लागलेल्या, डोक्यालाही इजा असलेल्या माणसाला तो निकाल जसाच्या तसा लावणं धोक्याचं.

म्हणूनच इथल्या नोंदी हव्यात. २०१३ ते २०१५ या काळात मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यातल्या चार सरकारी रुग्णालयांत मिळून सुमारे १६,००० जखमींच्या नोंदी ठेवल्या गेल्या. अशा नोंदींमुळेच आपल्याकडे माणसं कुठल्या टप्प्यावर हातची जातात ते दिसतं. मी तुम्हाला सहा महिन्यांनी फोन करते तो याचसाठी, कृपया उचला.

१४. रुग्ण बेशुद्ध आहे. संमती कोण देणार? आईला तर वाचता येत नाही.

रुग्णाच्या वतीने कायद्याने ग्राह्य असा जवळचा प्रतिनिधी, म्हणजे नवरा किंवा बायको, आई-वडील, सज्ञान मुलं. वाचता येत नसेल तर संमतीची सगळी चर्चा होईपर्यंत एक तटस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. तो संशोधन करणाऱ्या चमूतला चालत नाही. माहिती तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे आणि सही केलेल्या कागदांची प्रत तुमच्या हातात आली पाहिजे.

उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती हे दोन वेगळे कागद आहेत, हेही सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीला मी एका बाईंना घाईत समजावलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'सही केली नाही तर ऑपरेशन थांबेल ना?' माझं सगळं बोलणं वाया गेलं होतं. तेव्हापासून मी आधी हे दोन कागद वेगवेगळ्या हातांत धरून दाखवते आणि मग बोलायला लागते.

१५. नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील का? आणि हो म्हटलं तर खर्च कुणाचा?

नकारामुळे उपचारात काहीही कमी करता येत नाही. तसं कुणी सुचवलंच तर संमतीपत्रावर नीतिमत्ता समितीचा संपर्क छापलेला असतो, तिथे थेट कळवा. त्या समितीत डॉक्टरांशिवाय कायद्याचा जाणकार आणि एखादी सामान्य व्यक्तीही असते.

अभ्यासासाठी म्हणून केलेल्या जादा तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे केंद्र सरकारचे नियम लागू आहेत. त्यांत चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. नेहमीच्या उपचाराचा खर्च मात्र वेगळा. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची ५ मे २०२५ ची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार. अभ्यासात असण्या-नसण्याशी तिचा संबंध नाही.

१६. हा अभ्यास खरा आहे हे कसं ओळखू?

नोंदणी क्रमांक मागा. आपल्या देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे. क्रमांकात सीटीआरआय, वर्ष, महिना आणि एक आकडा असतो. तो संकेतस्थळावर टाकला की अभ्यास कसला, कुठे, किती रुग्णांवर, ते कुणालाही दिसतं. नुसत्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासाची तिथे नोंद नसूही शकते. तेव्हा नीतिमत्ता समितीच्या मंजुरीचं पत्र बघायला मागा.

१७. मुलगा नऊ वर्षांचा आहे. एकही बरगडी मोडली नाही, तरी आयसीयूत का?

मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या वाकतात आणि जोर थेट फुप्फुसावर जातो. त्यामुळे बरगड्या शाबूत आणि फुप्फुस ठेचलेलं, असं मुलांत होतं. प्रश्न २ मधला ४८ तासांचा पहारा त्यालाही लागू. संशोधनात घ्यायचं असेल तर पालकांच्या संमतीसोबत ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. शुद्धीवर असलेल्या मुलाने नको म्हणून मान हलवली तर आम्ही थांबतो.

१८. बाबा बेशुद्ध असताना आईने सही केली. आता ते शुद्धीवर आलेत आणि म्हणतात, 'मला विचारलं होतं का?' आता काय?

त्यांचं बरोबर आहे. प्रतिनिधीची संमती रुग्ण शुद्धीवर येईपर्यंतची असते. बोलण्या-समजण्याइतकं बरं वाटू लागलं की आम्ही त्यांच्याजवळ बसून सगळं पहिल्यापासून सांगतो आणि त्यांची स्वतःची संमती घेतो. ते नको म्हणाले तर कारण द्यावं लागत नाही आणि तिथून पुढे नवी माहिती गोळा करणं बंद होतं. आधी जमवलेल्या माहितीचं काय करायचं हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं. तो परिच्छेद त्यांना वाचून दाखवायला सांगा. घातलेली नळी किंवा बसवलेली प्लेट अर्थात काढत नाहीत, पुढचे उपचार आणि तपासण्या नेहमीसारख्याच चालू राहतात. आईवर चिडू नका, एवढं मी बाबांना आवर्जून सांगते. त्या रात्री त्यांनी दोन तास सगळं ऐकून, दोनदा विचारून मग सही केलेली असते.